हिप आर्थ्रोस्कोपीनंतर दुखत नाही, तरी कुबड्या का? आणि टेकडी कधी?

तुम्ही म्हणता हिप आर्थ्रोस्कोपीला, म्हणजे खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला, अठरा दिवस झालेत, दुखणं जवळजवळ नाही, तरी फिजिओ कुबड्या सोडू देत नाहीत आणि पुण्यातल्या हनुमान टेकडीचं नाव काढू देत नाहीत. माझ्या उजव्या खुब्याचं हेच झालंय: फाटलेला लॅब्रम (खुब्याच्या वाटीच्या कडेची गादी) शिवला आणि मांडीच्या हाडाच्या मानेवरचा उंचवटा तासला. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, एवढं धरून वाचा.

दुखत नाही हीच तर खरी पंचाईत. बाहेरून दोन-तीन बारीक टाके दिसतात आणि घरचे विचारतात, "एवढंच?" आत मात्र वाटीच्या कडेची गादी हाडाला नुसती शिवून ठेवलेली असते, ती धरायला कित्येक आठवडे लागतात. तासलेलं हाडही काही काळ कच्चंच. म्हणून साधारण 2 ते 4 आठवडे पाऊल सपाट टेकवायचं, पण भार थोडाच द्यायचा. मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे कूर्चेसाठी हाडाला बारीक भोकं, केलं असेल तर हेच 6 ते 8 आठवड्यांवर जातं. तेव्हा आधी डिस्चार्ज कार्ड काढून नीट वाचा. शेजारच्या काकांचं गुडघ्याचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही.

माझ्या फिजिओंनी पाय वजनकाट्यावर ठेवायला सांगितला. मर्यादा दहा किलोंची होती. मला वाटत होतं तेवढाच भार देतोय, काटा पंचवीस दाखवत होता. पण पाय अधांतरी धरूनही चालू नका. तो उचलून धरताना जांघेतला स्नायू सतत ताणलेला राहतो आणि सांध्यावरचा दाब उलट वाढतो.

त्याच स्नायूने माझी खोड मोडली. चौथ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं तसा मी व्हिडिओ बघून पाय सरळ ठेवून वर उचलायचा व्यायाम सुरू केला, वर दिवसातून तीनदा जिने. (आमची पेठेतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.) जांघेत अशी कळ बसली की दोन आठवडे मागे गेलो. फिजिओ रागावल्या नाहीत, फक्त वही काढून मागच्या पानावर गेल्या.

मला उपयोग झाला तो कंटाळवाण्या गोष्टींचा. रोज पालथं झोपणं. सीट उंच करून, रेझिस्टन्स शून्यावर ठेवून घरातली सायकल. आणि मी पाय सैल सोडायचा, बायकोने तो हळूहळू गोल फिरवायचा. आत चिकटू नये म्हणून. तिला आधी फिजिओंनी शिकवलं होतं, तुम्हीही तसंच करा. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाऊ देऊ नका. बुटका सोफा आणि भारतीय संडास सध्या बंद. बाईकवर टांग टाकणं तर नकोच, आणि रिक्षाने गेलात तर बुडाखाली उशी घ्या.

मांडी घालणं सगळ्यात शेवटी येतं. मला चार महिने लागले, अजूनही पंधरा मिनिटांत पाय बदलतो. पळणं सहसा 3-4 महिन्यांच्या आत नाही, खेळ त्याहून पुढे. पण महिने मोजण्यापेक्षा आरशासमोर एका पायावर उभे राहा: कंबर एका बाजूला कलते का? पायरी उतरताना गुडघा आत वळतो का? होत असेल तर टेकडी थांबू दे.

पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा टाक्यातून पाणी आलं तर उत्तरं वाचत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल.

मी आधी पर्वतीला गेलो. 103 पायऱ्यांपैकी चाळीस चढून परत आलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. हनुमान टेकडी पाचव्या महिन्यात, हातात काठी घेऊन. काठी कामाला आली ती एकदाच, कुत्र्यांसाठी.