पहिली डॉक्युमेंटरी मिफ्फला (मुंबई आंतरराष्ट्रीय फिल्म महोत्सवाला) पाठवतोयस? आधी हे बघ

अरे मस्तच, पहिली फिल्म पूर्ण केलीस हेच अर्धं काम. मिफ्फ १९९० पासून दोन वर्षांतून एकदाच असतो म्हणून घाईत कच्चा कट (एडिटिंग पक्कं न झालेली फिल्म) पाठवू नकोस, मी पाठवला होता, पस्तावलो. नवखे हमखास इथे गंडतात:

- नियम न वाचताच फिल्म यूट्यूबवर टाकून मोकळे.
- गाण्याचे हक्क घेतलेलेच नसतात.
- सबटायटल शेवटच्या रात्री. माझ्या फिल्ममध्ये आजी म्हणते "विहीर आटली" आणि खाली इंग्रजीत विहीर उकळली!

फिल्म अर्धवट असेल तर मिफ्फमधल्या डॉक फिल्म बाजारावर (फिल्म करणारे आणि पैसे लावणारे भेटतात तिथे) लक्ष ठेव, २०२४ ला पहिल्यांदा भरला, अपुऱ्या फिल्मसाठी लॅबपण (जाणकारांना कट दाखवून सल्ला घ्यायची सोय) होती. पिचिंगचं (पैसे लावणाऱ्यांपुढे फिल्म मांडण्याचं) नंतर सांगतो, आधी साउंड नीट कर.