दोनशे ओळखींची यादी

आर्थिक सल्लागाराच्या नोकरीसाठी मुलाखती देणारे अनेक जण माझ्याकडे एकच शंका घेऊन येतात : कंपनीला मी हवा आहे, की माझ्या ओळखी? त्यांपैकी एक अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडते.

तिशीतल्या एक बाई लेखापालाची नोकरी सोडून या क्षेत्रात येऊ पाहत होत्या. फोनवरची प्राथमिक मुलाखत, व्यक्तिमत्त्व चाचणी आणि शाखा व्यवस्थापकांची भेट त्यांनी सहज पार केली होती. पुढच्या फेरीपूर्वी मात्र त्यांना ओळखीच्या दोनशे जणांची नावे, नाते, वय आणि अंदाजे उत्पन्न असा तक्ता भरून आणायला सांगितले होते. पहिले पान गच्च भरलेले होते. दुसऱ्या पानावर, नुकत्याच विधवा झालेल्या मावशींच्या नावापुढचा उत्पन्नाचा रकाना कोरा होता. “मॅडम, इथे माझं पेन अडलं. मला विक्री जमणारच नाही बहुतेक,” असे त्या म्हणाल्या.

मला तसे वाटले नाही. मावशींना न विचारता त्यांच्या मिळकतीची माहिती तिसऱ्या माणसाला द्यायला ज्याचा हात धजावत नाही, त्याच्या हाती लोकांनी विश्वासाने आपले हिशेब सोपवावेत, असे माझे मत आहे आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितले.

तरीही, यादी मागितली म्हणजे फसवणूकच, असे म्हणणे रास्त होणार नाही. जिथे कमाई प्रामुख्याने कमिशनवर असते, तिथे नवख्या माणसाचे पहिले ग्राहक बहुधा ओळखीतूनच येतात आणि त्याचा लोकसंपर्क किती आहे, हे कंपनी या यादीवरून जोखते. पण असा सल्लागार पुढे नोकरी सोडून गेला, तरी त्याने आणलेले ग्राहक पुष्कळदा कंपनीकडेच राहतात. म्हणून यादी देण्याआधी करार वाचणे अगत्याचे असते.

आम्ही दोघींनी तो मसुदा ओळीओळीने वाचला. त्यात ‘मासिक मानधन’ असा शब्द होता, परंतु तीन पानांनंतरच्या एका कलमावरून उलगडले की ती पुढच्या कमिशनमधून वळती होणारी उचल आहे आणि कमिशन कमी पडल्यास उरलेली रक्कम नोकरी सोडताना परत करावी लागेल. घरखर्चाचा हिशेब त्यांनी ती रक्कम पगार समजून मांडला होता. प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या माथी आणि केवळ स्वतःच्याच कंपनीच्या योजना विकायच्या का, याविषयी मसुद्यात काहीच नव्हते. हे प्रश्न मुलाखतीत विचारले तर आपण उद्धट ठरू, अशी भीती त्यांना होती, म्हणून आम्ही ते मोठ्याने म्हणून पाहिले. ज्याला उद्या लोकांना करारातील बारीक अक्षरे समजावून सांगायची आहेत, त्याने स्वतःच्या कराराबद्दल विचारणे कोणत्याही चांगल्या व्यवस्थापकाला खटकू नये.

पुढच्या फेरीत, ज्यांची संमती मिळाली तेवढीच नावे त्यांनी दिली आणि ती स्वीकारलीही गेली. उचलीची परतफेड कोणत्या मर्यादेपर्यंत, हे लेखी देण्यास मात्र कंपनी तयार झाली नाही, तेव्हा त्यांनी नकार कळवला. आता त्या दुसऱ्या एका संस्थेत, निश्चित पगारावर, अनुभवी सल्लागाराच्या हाताखाली ग्राहकांचे आर्थिक आराखडे तयार करतात आणि परवाना परीक्षेचा अभ्यासही करत आहेत.