टॉल्किनच्या छोट्या पुस्तकांचा बॉक्स सेट घेताना

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनची पुस्तकं जमवायला सुरुवात करताय तर थेट महागड्या पहिल्या आवृत्त्यांच्या मागे लागू नका. आधी ‘द टॉल्किन ट्रेझरी’सारखा चार छोट्या पुस्तकांचा सेट घ्या आणि चित्रांसकट निवांत वाचा. ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’ (1949), ‘टॉम बॉम्बाडिल’च्या कविता (1962) आणि ‘स्मिथ ऑफ वूटन मेजर’ (1967) या तिन्हींची चित्रं पॉलिन बेन्सची. तिच्या बारीक रेषेतला ड्रॅगन बघा, जुन्या हस्तलिखिताच्या समासातून उतरल्यासारखा वाटतो! ‘रोव्हरॅन्डम’ मात्र 1998 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्यातली चित्रं खुद्द टॉल्किनची. मला तर हेच सगळ्यांत प्रिय.

सेकंडहँड घेताना फोटो नीट मागवा. सेटच्या पेटीत पुस्तकांचे कणेच (बांधणीची, नाव छापलेली कड) उघडे असतात, त्यामुळे ऊन लागून रंग उडतो तो तिथेच. कणा आणि मुखपृष्ठ शेजारी ठेवून रंग ताडून पाहा. पेटीचे कोपरे उसवलेत का, तेही विचारा. आणि प्रत्येक पुस्तकाचं मुद्रणाचं पान (आवृत्ती आणि वर्ष छापलेलं) बघाच, कारण हरवलेल्या पुस्तकाच्या जागी नंतरची प्रत सरकवून ‘पूर्ण सेट’ म्हणून विकतात. मजकूर तोच असतो, पण किंमत तेवढी द्यायची नाही.

पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, तिथेच फाटतं. पेटी तिरकी करून पुस्तकं तळहातावर घ्या. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पेटी भिंतीला टेकवू नका.