चेल्सी या फुटबॉल क्लबने खेळाडूंच्या खरेदीवर १०० कोटी पौंडांहून जास्त खर्च केला तरी गुणतक्त्यातले गुण शाबूत, आणि एव्हर्टनचे मात्र कापले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा हा हिशेब नक्की चालतो कसा?

कारण लीग खरेदीचा आकडा मोजतच नाही. २०२५-२६ हंगामापर्यंतच्या नियमात मोजला जातो तो तीन हंगामांचा मिळून झालेला तोटा. नफा-तोटा पत्रकात खेळाडूची खरेदी कराराच्या वर्षांवर पसरते, विक्रीचा नफा मात्र एकदमच जमा होतो. चेल्सीने या फरकावर अख्खा कारभार उभा केला. एव्हर्टनकडे महागात घेतलेले खेळाडू होते, पण नफ्यात विकता येईल असं फारसं काही नव्हतं. मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) बदलला की क्लब एवढा खड्ड्यात का जातो, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर याच हिशेबात आहे, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी मर्यादा बघू. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालतो, तोही मालकाने भांडवल म्हणून स्वतःचा पैसा ओतला तर. नाहीतर १.५ कोटी. अकॅडमी (क्लबची मुलांना घडवणारी शाळा), महिला संघ, स्टेडियमचं बांधकाम यांवरचा खर्च तोट्यातून वजा करायची मुभा आहे. क्लब त्या तीनपैकी एखादं वर्ष चॅम्पियनशिप या खालच्या श्रेणीत असेल, तर त्या वर्षासाठी ३.५ कोटींऐवजी १.३ कोटीच धरतात. नॉटिंगहॅम फॉरेस्ट दोन वर्षं खाली होता, म्हणून त्यांची मर्यादा १.३ अधिक १.३ अधिक ३.५, म्हणजे ६.१ कोटीच होती. एव्हर्टनचा २०२१-२२ पर्यंतच्या तीन वर्षांचा तोटा १२.४५ कोटी निघाला, मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण गेले, अपिलात फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ६ झाले, आणि पुढच्या तीन वर्षांच्या हिशेबासाठी एप्रिलमध्ये आणखी २.

आता खरेदी. कॉमर्स केलेल्यांना घसारा माहीत असतो. मशीनची किंमत जशी दरवर्षी थोडी थोडी खर्ची पडते तसंच खेळाडूच्या किमतीचं होतं. मँचेस्टर सिटीने जॅक ग्रीलिशला २०२१ मध्ये १० कोटी पौंडांना सहा वर्षांच्या करारावर घेतलं. म्हणजे दरवर्षी १.६७ कोटी खर्ची. चार वर्षांनी, २०२५ च्या उन्हाळ्यात, क्लबच्या हिशेबाच्या वहीत त्याची किंमत उरली ३.३३ कोटी. त्या वेळी तो ४ कोटींना विकला असता तर वहीत ६७ लाखांचा नफा दिसला असता, जरी प्रत्यक्षात खरेदीपेक्षा ६ कोटी कमी आले असते. २ कोटींना विकला असता तर १.३३ कोटींचा तोटा त्याच वर्षात अंगावर आला असता. सिटीने त्याला एव्हर्टनला वर्षभरासाठी लोनवर, म्हणजे उसना, दिलं. ‘विकून टाका ना एकदाचा’ असं चाहते ज्याच्याबद्दल ओरडत असतात, त्याची आधी वहीतली उरलेली किंमत काढा. ती बाजारभावापेक्षा जास्त असेल तर क्लब लोनच शोधणार.

करार वाढवला की उरलेली किंमत नव्या मुदतीवर पुन्हा पसरते. ३.३३ कोटी दोन वर्षांऐवजी चार वर्षांवर गेले तर वार्षिक खर्च १.६७ वरून ८३ लाखांवर येतो. फॉर्मात नसलेल्या खेळाडूला अचानक नवा करार मिळाला की लोक चक्रावतात; पुष्कळदा त्यामागे हाही एक विचार असतो. त्यात धोका असा की पगाराचं बंधनही तेवढंच लांबतं.

चेल्सीने हीच युक्ती टोकाला नेली. जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेझला १०.६८ कोटींना घेतलं, करार साडेआठ वर्षांचा. वार्षिक खर्च साधारण १.२६ कोटी. पाच वर्षांचा करार असता तर तोच २.१४ कोटी झाला असता. असे डझनभर खेळाडू घेतले की फरक केवढा पडतो ते बघा. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने २०२३ च्या उन्हाळ्यापासून आणि प्रीमियर लीगने त्याच डिसेंबरपासून किंमत पसरवायला कमाल पाच वर्षांची मर्यादा घातली. आधी झालेल्या करारांना ती लागू नाही.

तेवढ्यानेही भागलं नाही तेव्हा चेल्सीने आपल्या स्टॅमफर्ड ब्रिज स्टेडियमच्या आवारातली दोन हॉटेलं ७.६५ कोटींना आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला विकली. जून २०२४ च्या अखेरीस महिला संघही तसाच आपल्याच गटातल्या कंपनीकडे गेला, त्यातून सुमारे २० कोटींचा नफा दाखवला गेला. प्रीमियर लीगच्या नियमांत हे बसलं. युएफा असे घरातल्या घरातले व्यवहार धरत नाही, त्यामुळे जुलै २०२५ मध्ये चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड भरावा लागला, आणि पुढे सुधारणा दिसली नाही तर आणखी ६ कोटींची टांगती तलवार आहे. म्हणजे ‘काहीच झालं नाही’ असं नाही, फक्त गुण गेले नाहीत. माझ्या मते प्रीमियर लीगने ही पळवाट त्याच वर्षी बंद करायला हवी होती.

विक्रीच्या बाजूला सगळ्यात मोलाचा माल म्हणजे अकॅडमीत घडलेला पोरगा. त्याच्यासाठी किंमतच मोजलेली नसते, वहीत तो शून्य. ४ कोटींना विकला की ४ कोटी सगळे नफा. इथे फॉरेस्टचं प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. ब्रेनन जॉन्सन वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांच्या अकॅडमीत. २०२३ च्या उन्हाळ्यात क्लबला ठाऊक होतं की मर्यादा ओलांडली जाणार. त्यांचं हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपत होतं. जॉन्सनला टॉटेनहॅमला विकलं १ सप्टेंबरला, ४.७५ कोटींना. जादा तोटा होता ३.४५ कोटी. हीच विक्री दोन महिने आधी झाली असती तर सगळा खड्डा भरून वर शिल्लक उरली असती. फॉरेस्टचं म्हणणं असं की घाई केली असती तर भाव पडला असता, थांबल्यामुळे क्लबला जास्त पैसे मिळाले, आणि आर्थिक शिस्त म्हणजे तरी दुसरं काय? शिक्षा ठरवणाऱ्या आयोगाने ते मान्य केलं नाही: मुदत सगळ्यांना सारखी. शिक्षा ६ गुणांची ठरली, पण चूक लवकर कबूल केली आणि सहकार्य केलं म्हणून २ कमी होऊन ४ कापले गेले. एव्हर्टनपेक्षा जादा तोटा मोठा असूनही गुण कमी का गेले, याचं एक मोठं कारण हे सहकार्य.

पुढच्या वर्षी सगळ्यांनी धडा घेतला, आणि जून २०२४ च्या शेवटच्या दिवसांत विचित्र बाजार भरला. ॲस्टन व्हिलाने ओमारी केलीमन चेल्सीला १.९ कोटींना दिला आणि चेल्सीकडून इयन मात्सेन ३.७५ कोटींना घेतला. व्हिलाचा टिम इरोगबुनाम सुमारे ९० लाखांना एव्हर्टनला, एव्हर्टनचा लुइस डॉबिन साधारण एक कोटीला व्हिलाला. न्यूकॅसलने एलियट अँडरसन ३.५ कोटींना फॉरेस्टला आणि यांकुबा मिन्तेह सुमारे ३ कोटींना ब्रायटनला विकला, तर फॉरेस्टचा गोलकीपर व्लाखोदिमोस २ कोटींना घेतला. यात सगळ्यांनाच फायदा कसा? ‘अ’ने पोरगा २ कोटींना दिला, २ कोटी नफा आज. ‘ब’चा पोरगा २ कोटींना पाच वर्षांवर घेतला, खर्च वर्षाला ४० लाख. ‘ब’चंही तेच. दोघांचं आजचं वर्ष तरतं, पण पुढची पाच वर्षं ४० लाखांचं ओझं राहतं. दर जूनला हेच केलं की ओझी साचत जातात, आणि ज्या वर्षी विकायला पोरगा नसतो त्या वर्षी क्लब उघडा पडतो.

मला या नियमाचा सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. अँडरसन लहानपणापासून न्यूकॅसलचा. कॉनर गॅलॅघर सहा वर्षांचा असल्यापासून चेल्सीचा, २०२४ मध्ये ॲटलेटिको माद्रिदला गेला. मेसन माउंट त्याच्या आदल्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला गेला. क्लब दिवाळखोर होऊ नयेत म्हणून केलेल्या नियमाने आपल्याच गल्लीतून वर आलेला मुलगा विकणं सगळ्यात फायद्याचं करून ठेवलं.

आता मॅनेजर. वर्तमानपत्रात भरपाईचा आकडा येतो आणि लोकांना वाटतं नुकसान तेवढंच. युनायटेडने एरिक टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला, त्या उन्हाळ्यात साधारण २० कोटींचे खेळाडू घेतले, आणि २८ ऑक्टोबरला त्याला काढलं. त्याला आणि त्याच्या सहायकांना द्यावे लागले १.०४ कोटी. रुबेन अमोरिमला सोडवायला स्पोर्टिंग लिस्बनला सुमारे १.१ कोटी युरो. दोन्ही मिळून २ कोटी पौंडांच्या आसपास. त्या आकाराच्या क्लबला हे झेपतं.

खरा फटका संघाच्या रचनेतून बसतो. टेन हाग विंगर (कडेने चढाई करणारे खेळाडू) घेऊन खेळायचा. अमोरिमच्या ३-४-३ रचनेत (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) कडेला विंग-बॅक, म्हणजे बचाव आणि चढाई दोन्ही करणारे, असतात आणि पुढच्या तिघांतले दोघे आत सरकून खेळतात. निखळ विंगरला जागाच नाही. काही महिन्यांतच मार्कस रॅशफर्ड व्हिलाकडे आणि अँटनी बेटिसकडे लोनवर, पुढच्या ऑगस्टमध्ये गार्नाचो ४ कोटींना चेल्सीला. अँटनीचा हिशेब करून बघा. २०२२ मध्ये अयाक्सकडून ९.५ कोटी युरोंना, पाच वर्षांचा करार. वर्षाला १.९ कोटी, तीन वर्षांनी वहीत उरले ३.८. बेटिसने २०२५ मध्ये दिले २.२. ढोबळ १.६ कोटी युरोंचा तोटा एका सहीत, शिवाय लोनच्या काळात त्याची किंमत खर्ची पडतच होती. मग नव्या पद्धतीला लागतील असे कुन्या, म्बेमो, शेश्को यांच्यावर पुन्हा साधारण २० कोटी पौंड. संघ तोवर १५ व्या क्रमांकावर संपला होता, म्हणजे युरोपचं उत्पन्नही गेलं. मॅनेजर बदलण्याची किंमत ही अशी मोजायची: भरपाई, नव्या पद्धतीत न बसणाऱ्यांची वहीतली उरलेली किंमत, आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांची खरेदी.

ब्रायटन हे टाळतं. खेळाडू कुठले घ्यायचे हे तिथे क्लब ठरवतो, येणाऱ्या प्रशिक्षकाने त्यांना खेळवायचं. प्रशिक्षकही संघाच्या घडणीला साजेसा निवडतात. पॉटर गेला, दे झेर्बी आला, मग हुर्झेलर. तरी दर वेळी अर्धा संघ बदलावा लागला नाही. मोइसेस कैसेडो या खेळाडूला २०२१ मध्ये ५० लाखांच्या आत घेतलं आणि २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटी अधिक बोनसवर विकलं. मॅनेजरच्या आवडीने खेळाडू घेणारा क्लब मॅनेजर गेल्यावर भंगार गोळा करत बसतो, हे इतक्यांदा दिसलंय की अजूनही कुणी तसं करतं याचं आश्चर्य वाटतं.

एखादी खरेदी परवडणारी आहे का हे तुम्हाला तपासायचं असेल तर किंमत एकटी बघू नका. आठवड्याला २ लाख पौंड पगार म्हणजे वर्षाला १.०४ कोटी, त्यावर क्लबला १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारावरचा सरकारी विमा-कर), झाले साधारण १.२ कोटी. किंमत ६ कोटी आणि करार पाच वर्षांचा असेल तर किमतीचेही वर्षाला १.२ कोटी. म्हणजे ६ कोटींचा खेळाडू पाच वर्षांत १२ कोटींना पडतो, एजंटचं कमिशन वेगळंच. ‘फ्री’, म्हणजे करार संपल्यामुळे किंमत न मोजता, आलेल्याचा पगार आणि सही करण्याचा बोनस बहुतेक वेळा फुगलेला असतो, तोही यात धरा. दुसऱ्या बाजूला, तळाच्या संघालाही लीगकडून वर्षाला सुमारे ११ कोटी मिळतात, विजेत्याला साडेसतराच्या आसपास. बोर्नमथसारखा छोटा क्लब इटलीतल्या मोठ्या नावांना बोलीत मागे टाकतो तो या पैशावर.

२०२६-२७ हंगामापासून तीन वर्षांच्या तोट्याच्या नियमाऐवजी नवा नियम लागू. खेळाडूंचे आणि मुख्य प्रशिक्षकाचे पगार, वर्षाला खर्ची पडणारी किंमत आणि एजंटचं कमिशन हे सगळं मिळून फुटबॉलच्या उत्पन्नाच्या (खेळाडू-विक्रीचा नफा-तोटा धरून) ८५ टक्क्यांच्या आत हवं. युरोपात खेळणाऱ्यांना युएफाची ७० टक्क्यांची मर्यादा आहेच. हॉटेल विकून यात काही साधणार नाही, कारण ते फुटबॉलचं उत्पन्न नाही. अकॅडमीतला मुलगा विकण्याचा फायदा मात्र तसाच राहतो. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यांतही कराराची शेवटची दोन वर्षं उरलेल्या घरच्या पोरांच्या बातम्यांकडे लक्ष ठेवा. सगळ्यात आधी विकले जातील ते तेच.