मराठवाड्याच्या माळावर जुन्या माणसांच्या खुणा सापडतील का?

सौदीच्या वाळवंटात उपग्रहचित्रांवर प्राचीन दगडी रचना दिसतात, तसं बीड-धाराशिवकडे काही सापडेल का, असं तुम्ही विचारलंय. सापडेल, पण मोबाईलवर नाही. पायी हिंडावं लागेल.

तिकडचे ते लांबट आयत, ‘मुस्ततील’, सुमारे ७००० वर्षांपूर्वीचे. तिथे नांगर फिरला नाही, दगड उचलून न्यायला शेजारी गावही नव्हतं, म्हणून ते टिकले. आपल्याकडे पडक्या भिंतीचा दगड बांधाला नाहीतर विहिरीला लागतो. शिवाय आपला काळा खडक कांद्यासारखे पापुद्रे सोडत झिजतो, त्यामुळे गोल धोंडे दिसले म्हणून हुरळू नका. दगडांचं कडं दिसलं तर आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा; बऱ्याचदा तो मेंढ्यांचा वाडा निघतो.

मी स्वतः दगडांपेक्षा पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची माती शोधतो. नदीकाठच्या काळ्या रानात मधेच भुरकट मातीचं टेकाड असेल, तर तिथे वस्ती होती असं समजा: ढासळलेल्या मातीच्या भिंती, राख, शेण, थरावर थर. पहिला पाऊस झाला की जा. खापरं धुऊन वर आलेली असतात, शंखाच्या बांगडीचा तुकडा, एखादा मणीही दिसतो. तेरला तेरणेकाठी अशीच टेकाडं आहेत. हे तेर म्हणजे जुनं तगर. तिथलं कापड आणि पैठणचा अकीकाच्या जातीचा दगड गाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचा, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. अशी कितीतरी टेकाडं लोकांनी माळवदावर टाकायला आणि शेतात पसरायला उपसून नेली, याचा मला फार त्रास होतो.

मुरमाड बरडावर मात्र गारगोट्या निरखा. अंगठ्याएवढ्या गारगोटीवर वरून खाली शेजारीशेजारी सरळ, अरुंद खाचा असतील, तर तिच्यातून कुणीतरी दगडी पाती काढली आहेत. फाळ लागून फुटलेला दगड असा नेमका फुटत नाही.

काहीही उचलू नका. जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, ठिकाण नोंदवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. उकरायचं तर नावच नको. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची किमती वस्तू सापडली तर १८७८च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

सुरुवात गावातल्या मारुतीच्या पारापासून करा. तिथे टेकवलेल्या दगडावर खाली लढाई, वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतील तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. शेंदूर मात्र खरवडू नका, लोक त्याला पूजतात.