गाणं मार्लीचं, नाव फोर्डचं

प्रश्न : ‘नो वुमन, नो क्राय’ हे जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली याचं गाणं म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. रेकॉर्डवर मात्र रचनाकार म्हणून व्ही. फोर्ड असं नाव दिसतं. हे फोर्ड कोण? गाणं नेमकं लिहिलं कुणी?

व्हिन्सेंट फोर्ड, ओळखीतल्यांचे ‘टाटा’, हे जमैकातल्या किंग्स्टन शहराच्या ट्रेंचटाउन वस्तीतले मार्लीचे जुने मित्र. वस्तीतल्या उपाशी पोरांना त्यांच्या स्वयंपाकघरात जेवण मिळे आणि उमेदवारीच्या काळात मार्लीचा मुक्कामही तिथेच असे. गाण्यात येणारं सरकारी चाळीचं आवार तेच. फर्स्ट स्ट्रीटवर आज तिथे संग्रहालय आहे. गाण्यातल्या आठवणींत फोर्ड आहेत, यात वाद नाही. पण कॉपीराइट आठवणींना मिळत नाही, तो शब्द आणि चाल रचणाऱ्याला मिळतो. गाण्याच्या हक्कावरून प्रकाशन कंपन्यांमधलं प्रकरण 2014 साली लंडनच्या उच्च न्यायालयात आलं, तेव्हा रचना मार्लीची आहे हे दोन्ही पक्षांनी मान्य केलेलं होतं. फोर्ड 2008 च्या डिसेंबरमध्येच वारले होते.

प्रश्न : मग स्वतःच्या गाण्यावर दुसऱ्याचं नाव घालण्यात मार्लीचा फायदा काय?

मार्लीचा डॅनी सिम्स यांच्या केमन म्युझिक या प्रकाशन कंपनीशी करार होता. ऑक्टोबर 1973 ते ऑक्टोबर 1976 या काळात मार्लीने रचलेली गाणी त्यानुसार केमनकडे जाणार होती. ‘मार्लीने रचलेली’ ही अट महत्त्वाची. रचनाकार म्हणून मित्राचं नाव लागलं की गाणं कागदोपत्री कराराबाहेर. अशी 13 गाणी वादात होती. ‘वॉर’ ॲलन कोल आणि ड्रमवादक कार्लटन बॅरेट यांच्या नावावर लागलं, ‘पॉझिटिव्ह व्हायब्रेशन’ पुन्हा फोर्ड यांच्या.

यात मार्लीचे सगळे पैसे बुडाले असं मात्र नव्हे. एका गाण्याचे हक्क दोन असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. त्यातली गायकाची रॉयल्टी गायकालाच मिळते, मग रचनाकार कुणीही असो. दुसरा हक्क रचनेचा. रेकॉर्ड खपली, रेडिओवर गाणं वाजलं, कुणी ते मैफलीत गायलं, की रचनेची रॉयल्टी निघते. सादरीकरणाच्या रकमेतला साधारण निम्मा वाटा रचनाकाराला आणि निम्मा प्रकाशकाला जातो. नाव बदललं की हा दुसरा ओघ वळतो. युक्ती चलाख होती, पण धोक्याचीही: ज्याचं नाव घातलं तो किंवा त्याचे वारस उद्या ‘गाणं आमचंच’ म्हणाले, तर सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. इंग्लंडच्या 1988 च्या कायद्यात प्रतीवर छापलेलं नाव हेच लेखकाचं, असं उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं. त्यात मार्ली 1981 मध्ये मृत्युपत्र न करताच गेला.

प्रश्न : लंडनच्या खटल्यात केमन जिंकली का?

हरली. गंमत अशी, की निकाल ‘कुणी लिहिलं’ यावर लागलाच नाही. केमनने 1992 मध्ये आपले हक्क कराराने पुढे दिले होते आणि ते आता ब्लू माउंटन म्युझिक या कंपनीकडे होते. केमनचं म्हणणं, त्या व्यवहारात ही 13 गाणी आलीच नाहीत, म्हणून ती अजून आमची. न्यायालयाने कराराची भाषा वाचून ठरवलं, की गाणी त्यात आली. 2015 मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. आमच्या मते धडा गाणं लिहिणाऱ्यांपेक्षा करार लिहिणाऱ्यांसाठीच जास्त आहे: ‘सर्व रचना’ असं मोघम लिहून हक्क देताना काय वगळायचं आहे, ते नावानिशी लिहावं.

प्रश्न : लेखक कोण यावर कॉपीराइटची मुदत बदलते का?

ब्रिटनमध्ये बदलते, आणि चांगलीच. तिथे लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर 70 वर्षं संरक्षण. मार्ली लेखक धरला तर 2051 अखेर, फोर्ड धरले तर 2078 अखेर. सत्तावीस वर्षांचा फरक! दोघे सहलेखक ठरले, तर शेवटी वारलेल्याच्या वर्षापासून मोजतात.

प्रश्न : रेडिओवर लागतं ते लांबलचक गाणं मूळचंच का? फ्यूजीज या अमेरिकन हिप-हॉप गटाने गायलं त्याचे पैसे कुणाला?

मूळ स्टुडिओतलं गाणं 1974 च्या ‘नॅटी ड्रेड’ या अल्बममधलं, पावणेचार मिनिटांच्या आसपास. तुम्ही ऐकता ते जुलै 1975 मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात मुद्रित झालेलं. श्रोते पहिल्या ओळीपासून साथीला आहेत. फ्यूजीजचं 1996 चं. ध्वनिमुद्रणं तीन, रचना एकच. त्यामुळे रचनेचा वाटा तिन्हींतून एकाच ठिकाणी जातो आणि म्हणूनच नावावर एवढी भांडणं.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून रेगे गाणी करतो. आमचा बासगिटार वाजवणारा म्हणतो, ‘माझ्या बासवरच गाणं उभं आहे, मलाही नाव हवं.’

रेगेत हे दुखणं जुनंच आहे. जमैकात एकाच रिदमवर, म्हणजे ढोल आणि बासच्या एकाच ठेक्यावर, वेगवेगळे गायक वेगवेगळी गाणी गातात; ‘रिअल रॉक’ या 1967 च्या रिदमवर कितीतरी गाणी आहेत. साधा ठेका किंवा दोन कॉर्डची साथ सहसा वादन-संयोजनात मोडते. पण बासची ओळ स्वतंत्र चालीसारखी गुणगुणता येत असेल आणि तीच गाण्याची ओळख असेल, तर बासवाल्याचा दावा जड आहे.

ध्वनिमुद्रण संपलं की त्याच दिवशी एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि प्रत्येकाचा टक्का लिहून तिघांच्या सह्या घ्या. बेरीज 100 येते ना, तपासा. नोंदणी करताना प्रत्येकाने रॉयल्टी गोळा करणाऱ्या आपापल्या संस्थेकडे तेच आकडे द्यावेत. दोघांनी वेगळे आकडे दिले, तर रक्कम अडकून पडू शकते.