उडणारा दंड आणि जड होणारी छाती

"मॅडम, डावा दंड सारखा उडतोय. हार्टचं तर नाही ना?"

हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्या वेळा ऐकलंय की समोरचा माणूस खुर्चीत बसून उजव्या हाताने डावा दंड चाचपायला लागला की पुढचं मला कळतंच. कधी दंड, कधी छातीची डावी बाजू, कधी पापणी. एका बाईंची तर पोटरी उडायची आणि त्यांना वाटायचं रक्ताची गुठळी वर सरकतेय. ज्यांना हार्टचं काहीच नाही त्यांना डॉक्टर "काही नाही हो" म्हणतात आणि बहुतेकदा तिथेच विषय संपतो. पण ज्याला खरंच अंजायना आहे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं, जो खिशात जिभेखालची गोळी घेऊन फिरतो, त्याला हे "काही नाही हो" कसं पटणार? त्याला काहीतरी आहे हे तर फाईलमध्येच लिहिलंय.

एका गृहस्थांचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. वय साठीच्या अलीकडचं, अंजायनाचं निदान होऊन आठेक महिने झालेले, औषधं नियमित, डॉक्टरांच्या मते तब्येत स्थिर. आणि तरी रात्री दोनला उठून आधी बीपीचं मशीन, मग बोटाला ऑक्सिमीटर, मग शर्ट काढून आरशासमोर उभे, छातीवरचा स्नायू उडताना दिसतोय का बघत. बायको म्हणाली, "हे स्वतः झोपत नाहीत आणि मलाही नाडी मोजायला उठवतात." चालणं बंद. दोनदा इमर्जन्सीत जाऊन आलेले, दोन्ही वेळा ईसीजी आधीसारखाच आणि रक्ताची तपासणीही नॉर्मल. शिवाय दंड उडला की गोळी जिभेखाली, मग त्या गोळीने डोकं ठणकणार, बीपी उतरून चक्कर येणार, आणि चक्कर आली म्हणून परत घाबरणार. गोळी घेऊन बरं वाटलं तरी दुखणं हार्टचंच होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी आधी समुपदेशन केलंच नाही, त्यांना परत त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि फक्त या उडण्याबद्दल विचारून या म्हटलं. हे मी नेहमी करते, शरीराचा प्रश्न शरीराच्या माणसाने आधी बघावा. त्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, अशा गोळ्यांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरू शकतं आणि मग स्नायू उडतात. त्यांचं पोटॅशियम खरंच थोडं कमी निघालं. डॉक्टरांनी औषधात बदल केला, उडणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं माझ्याकडे आलं असं म्हणू. अपुरी झोप, दिवसभराची कॉफी, आणि सतत ताणात राहिल्यामुळे अंगात खेळणारं ॲड्रेनलिन, या तिन्हींनी निरोगी माणसाचेही स्नायू उडतात. त्या आठवड्यात माझीच पापणी लवत होती, मी ते त्यांना दाखवलंसुद्धा.

पण माहितीने भीती जात नाही हे मला माहीत असायला हवं होतं. पहिले तीन सेशन मी एकच धून लावून धरली होती, की हे निरुपद्रवी आहे, तुम्ही दुर्लक्ष करायला शिका. ते मान हलवायचे, घरी जायचे आणि रात्री दोनला उठायचे. चौथ्या वेळी मी परत "दुर्लक्ष" म्हटलं आणि ते एकदम तडकले.

"दुर्लक्षच केलं होतं ना मी मॅडम."

"कधी?"

"पहिल्यांदा. जिना चढताना छातीत जड व्हायचं. मी म्हणायचो ॲसिडिटी आहे. सहा आठवडे म्हणत होतो. ही रोज सांगायची दाखवा दाखवा. मी हिच्यावर ओरडलो."

मग बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही नाही. आणि तेव्हा मला कळलं की मी तीन सेशन काय करत होते. रात्री दोनची ती तपासणी त्यांच्यासाठी प्रायश्चित्त होती. सहा आठवडे शरीराचं ऐकलं नाही, त्याची भरपाई म्हणून आता शरीराची प्रत्येक कुजबुज ऐकायची, एकही सुटता कामा नये. आणि अशा माणसाला मी पुन्हा पुन्हा सांगत होते की ऐकू नका. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी भूतकाळ उकरत बसणारी नाही, आज माणूस काय करतो आणि त्याने काय घडतं हे बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं, आणि अजूनही वाटतं. पण कधीकधी आजचं वागणं ज्या खिळ्याला टांगलेलं असतं तो खिळा बघावाच लागतो.

"दुर्लक्ष" हा शब्द मी त्या दिवसापासून टाकून दिला. म्हटलं, "तुम्ही ऐकायचंच. फक्त कोण बोलतंय ते ओळखायला शिकायचं."

तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. "आत्ता उडलं."

"कुठे? दाखवा."

त्यांनी तर्जनीचं टोक छातीच्या डाव्या बाजूला एका ठिकाणी टेकवलं. शर्टाच्या बटणाएवढी जागा.

"आणि जिन्यावर जड व्हायचं, ते कुठे?"

विचार न करता त्यांनी अख्खी मूठ छातीच्या मधोमध ठेवली. मग स्वतःच्याच मुठीकडे बघत राहिले. बायकोही बघत होती. लेव्हाइन नावाच्या अमेरिकन हृदयतज्ज्ञाचं नाव या मुठीला दिलेलं आहे, डॉक्टर लोक तिला लेव्हाइनची खूण म्हणतात. ही काही पक्की तपासणी नव्हे, मूठ न ठेवणाऱ्यांनाही हार्टचं दुखणं असतं, आणि बायकांमध्ये, डायबेटिस असलेल्यांमध्ये, वयस्कर लोकांमध्ये तर ते नुसता दम लागणं, मळमळ, थकवा अशा वेषातही येतं. पण या गृहस्थांना त्यांच्या शरीराच्या दोन आवाजांतला फरक त्यांच्याच हाताने दाखवला, मला तो सांगावा लागला नाही.

मग बाकीचं पटापट जमलं. अंजायना श्रमाने येतो, चढण, घाई, थंडी, भरपेट जेवण, राग, आणि थांबलं की काही मिनिटांत उतरतो. दाब, आवळल्यासारखं, जळजळ, आणि ते जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे पसरतं. स्नायू उडणं बहुतेकदा उलट, माणूस निवांत पडलेला असताना येतं आणि हात हलवला, स्नायू ताणला की बऱ्याचदा थांबतं, दुखत नाही. तुम्हाला अंजायना असेल तर हे नीट वाचा, बसल्याजागी किंवा झोपेत छातीत दाब आला, आधीपेक्षा कमी श्रमात यायला लागला, जास्त वेळ टिकला, तर तो "स्थिर" राहिलेला नाही आणि तिथे आरसा, मशीन, समुपदेशक कोणाचंच काम नाही, सरळ हॉस्पिटल. आणि स्नायू उडण्यासोबत हातातली ताकद कमी होतेय, वस्तू सुटतायत, स्नायू बारीक होतोय, बोलताना जीभ अडखळतेय असं असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. नुसतं उडणं वाचून इंटरनेटवर भयंकर आजारांची नावं शोधत बसलेले लोक मी रोज बघते, त्यांच्यात हे सोबतचं काहीच नसतं.

त्यांच्याकडून मी डॉक्टरांच्या हातून एक चिठ्ठी लिहून आणवली. छातीत दाब, जडपणा, घाम, दम यातलं काही आलं तर बसा, सांगितलेली गोळी जिभेखाली घ्या, पाच मिनिटांत उतरलं नाही किंवा वाढत गेलं तर ॲम्ब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. (तुमची चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, गोळ्या किती कधी हे प्रत्येकाचं वेगळं असतं.) खाली एक ओळ, बोटाने दाखवता येईल असं नुसतं उडत असेल आणि दुसरं काही नसेल तर वहीत लिहा, दर रविवारी वाचा. बस. लोकांना हे फार साधं वाटतं, पण यात मोठी सोय आहे, कारण निर्णय एकदाच, दिवसाउजेडी, डॉक्टरांसोबत झालेला असतो. रात्री दोनला घाबरलेल्या डोक्याने तो परत घ्यायचा नसतो, फक्त चिठ्ठी वाचायची असते. आणि ते प्रायश्चित्त? तेही वहीत जातं. ऐकलं, लिहिलं, काही सोडलं नाही. मशीन बायकोच्या कपाटात गेलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच बाहेर.

घाबरण्याचाच तोटा कसा होतो तेही त्यांना सांगितलं. भीतीने नाडी आणि बीपी वाढतं, हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे उडणाऱ्या दंडाची भीती अंजायनाला खरंच आमंत्रण देऊ शकते. अंजायना हा शब्दच लॅटिनमधल्या आवळण्याच्या, घुसमटण्याच्या अर्थाशी जोडलेला, आणि इंग्लिशमधला चिंतेचा शब्द, अँग्झायटी, तोही त्याच घराण्यातला. मला हे फार आवडतं, त्यांना काही खास वाटलं नाही.

डॉक्टरांना विचारून चालणं परत सुरू झालं, आधी दहा मिनिटं. पहिले दोन आठवडे वहीची पानंच्या पानं भरलेली, "९.१० दंड, ९.२५ दंड, ११ छाती डावी". तिसऱ्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन नोंदी. मग मध्ये बरेच दिवस ते आले नाहीत, फोनवर म्हणाले ठीक आहे.

शेवटचे आले तेव्हा वही पुढे केली. ताज्या पानावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, "सकाळी दुसऱ्या मजल्यावर छातीत जड. बसलो. गोळी. ३ मिनिटांत गेलं. पूर्वी चौथ्या मजल्यावर यायचं म्हणून लगेच डॉक्टरांना फोन, त्यांनी तसंच बोलावलं, जाऊन आलो, औषध बदललं." आणि त्याखाली पेन्सिलने, बारीक अक्षरात, "पोटरी पण उडत होती बहुतेक. हिने सांगितलं."